काकूंचं विरजण

मंडळी, आज इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या बुक क्लबमध्ये माझी चांगलीच जिरली आणि मी अजून हसतेय.

या वेळी घानामधली एक कादंबरी होती. त्यातला नवरा बायकोला आणि पोरांना मारतो. आरडाओरडा सुरू झाला की शेजारीण वाटी घेऊन दार वाजवते आणि मीठ मागते. बाहेरच्या माणसासमोर त्याचा हात थांबतो.

मी ऐटीत म्हटलं, "बाकी कादंबरी भारी, पण हे मीठ काही पटत नाही यार. दर वेळी कोणाचं मीठ संपतं?"

मैत्रिणीच्या सासूबाई, नागपूरहून आलेल्या काकू, कोपऱ्यात चहा पीत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मी विरजण मागायची. आठवड्यातून तीनदा. शेजारचे साहेब मला पार वेंधळी समजायचे."

"मग त्या विरजणाचं काय करायचात?" मी विचारलं.

"दही लावायची! कढी खाऊन खाऊन आमचे हे वैतागले होते."

आम्ही खो-खो हसलो. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "त्या साहेबांची मुलगी अजून दिवाळीला फोन करते. विरजण मावशी म्हणते मला."

ड्राइव्ह करताना वाटलं, इथे आपण मेसेज केल्याशिवाय कोणाच्या दारात जात नाही. तुम्ही न सांगता शेवटचं कोणाचं दार वाजवलंत?

मी घरी येताच वाटी घेऊन शेजारी दही मागायला गेले. तिथे सगळं छान आहे, काळजी नको. नुसती ओळख वाढवतेय.

दही घरात आहे.