भाऊजींच्या गिटारची घरघर

माझ्या ताईचा नवरा गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतो. रंगकामात हात चांगला आहे, हे मान्य. पण तेवढ्या भांडवलावर माणसाने स्वतःला सर्वज्ञ समजावं, हे मला कधीच पटलं नाही.

जुन्या टेबलाची फळी कापून भाऊजींनी घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवली. दिसायला देखणी, काळीभोर, तोंड दिसेल अशी चकचकीत. पण स्पीकरला जोडली की घूंऽऽ! डब्यात भुंगा कोंडावा तशी.

आता चूक भाऊजींची कशी असेल? आधी शेजाऱ्यांच्या फ्रिजवर आळ आला, मग घरातल्या ट्यूबलाइटवर. भाऊजी वाजवायला बसले की दिवे बंद. ताई बिचारी खिडकीशी बसून भाजी चिरायची. शेवटी सगळं सामान आणि ताईला घेऊन ते माझ्या घरी आले. तिथेही घूंऽऽ.

"तुमच्याकडची वीजही असलीच!" म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे दुसऱ्याचं अंगणसुद्धा वाकडं.

गंमत म्हणजे गिटारमध्ये वायर खोचतात तिथल्या धातूच्या कडीला बोट लावलं की आवाज बसायचा. तारांना लावलं की उलट वाढायचा. तारांचं अर्थिंग कुठेतरी तुटलंय, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. भाऊजींनी काय करावं? तांब्याच्या वायरचं एक टोक त्या कडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. दावणीच्या बैलासारखे बसून वाजवू लागले.

"गेला की नाही आवाज?"

पाणी प्यायला उठले, तर गिटार खुर्चीवरून खाली!

ताई संतापली. "विजेशी खेळता? सोडा ती वायर आधी! तारांपासून कडीपर्यंत आत जोडणी आहे ना? ती बघा."

"ती मी स्वतः जोडलीय."

"म्हणूनच म्हणते."

धुसफुसत भाऊजींनी तारा सैल केल्या आणि तारा जिच्यावर बसतात ती धातूची पट्टी काढली. पट्टीच्या पोटाला काळ्या रंगाचा जाड थर. तिच्याखाली दाबलेल्या वायरच्या टोकालाही तोच रंग. रंगातून वीज जाणार कशी?

"आतून कशाला रंगवली? कोण बघणार होतं?" मी विचारलं.

"फिनिशिंग म्हणतात त्याला," भाऊजी म्हणाले, पण आवाज पडला होता.

त्यांनी पातं घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली. गाडीवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी गॅरेज डोक्यावर घेणारा माणूस आपलाच रंग आपल्या हाताने काढत होता. मला वाईट वाटलं. क्षणभरच.

धातूला धातू लागला, पट्टी बसली, तारा ताणल्या. घरघर बंद.

पुढच्या रविवारी ताईकडे पाहुणे आले. भाऊजी त्यांना सांगत होते, "वायरच भिकार निघाली. दुकानदाराने फसवलं. पण मी बरोबर शोधून काढलं!"

मी तोंड उघडणार तोच ताईने कोपराने ढोसलं. स्वयंपाकघरात गेल्यावर मी तिच्यावर उखडले. "धडधडीत खोटं बोलतात आणि तू गप्प?"

"असू दे गं. तेवढंच तर आहे त्यांच्याकडे."

तेवढंच आहे, हे ठाऊक होतं मला. पण भाऊजींनी ते चारचौघांत एवढ्या मोठ्याने मिरवायची काय गरज? बाहेर भाऊजी आता पाहुण्यांना अर्थिंग म्हणजे काय ते समजावत होते. तेही चुकीचं.