साल न काढलेली कोळंबी

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा ते मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. वाचा परत आली, जरा जड जिभेची का होईना. पाय सुधारला, हळूहळू चालायला लागले. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबतो तो लोंबतोच. बोटं थोडी मिटतात, पण त्यांत पकड नाही. मी बोरिवलीला घरीच ब्लाऊज शिवते. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, म्हणजे घरात आम्ही दोघंच.

त्याआधी वीस-बावीस वर्षं हे दर रविवारी खाडीपलीकडे गोराईच्या किनाऱ्यावर गरवायला जायचे. गरवायला म्हणजे गळ टाकून मासे धरायला. ह्यांच्या कोकणातल्या गावचा शब्द. बरोबर कारखान्यातला एक मित्र असायचा. मी कधी गेले नाही. रविवारी सकाळी घर रिकामं मिळायचं, मशीनवर बसून साचलेलं काम उरकायचं आणि दुपारी ते आणतील ते मासे साफ करायचे, एवढाच माझा त्या छंदाशी संबंध.

झटक्यानंतर मित्र चार-पाच वेळा भेटून गेला. मग तो निवृत्त होऊन गावी राहायला गेला. हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. टीव्ही नको, पेपर नको. डॉक्टर म्हणाले, ह्यांना घराबाहेर काढा. मुलगीही फोनवरून तेच सांगायची. काढायचं कोणी, हे दोघांनीही सांगितलं नाही.

एक दिवस ह्यांनी माळ्यावरचा गरवायचा रॉड काढून मागितला. महिनाभर सोसायटीच्या गच्चीवर नुसतं शिसं बांधून डाव्या हाताने फेकायचा सराव केला. लांब जात नव्हतं, पण ह्यांचं म्हणणं, मुडदुशी माशाला लांब टाकावं लागत नाही, तो लाटेच्या फेसातच फिरते. रॉड उभा करायला प्लास्टिकचा पाईप वाळूत रोवायचा आणि डाव्या हाताने रीळ गुंडाळायचं, हेही जमलं. राहिला चारा. गळ धरायला एक हात लागतो आणि त्याला चारा लावायला दुसरा. म्हणून मी गेले.

पहिल्या रविवारी मी मॉलमधली साफ केलेली, बर्फातली कोळंबी नेली. पांढरी स्वच्छ, साल नाही, डोकं नाही. मला वाटलं, माणसं खातात तर मासे का नाही खाणार. रिक्षा, मग बोट, मग पुन्हा रिक्षा, असं करत किनाऱ्यावर पोचलो. मी कोळंबी गळाला लावायची, हे फेकायचे आणि हवेतच कोळंबी एकीकडे आणि गळ एकीकडे. राहिली तर खेकडे कुरतडून न्यायचे. वाकून वाकून माझी कंबर गेली. शेवटी हे म्हणाले, "हो चारो न्हय, कापूस आसा." मी उरलेली कोळंबी पिशवीत भरली.

पुढच्या खेपेला गोराई गावात मासळी घेऊन बसलेल्या एका कोळणीला विचारलं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या ह्यांना पाहिलं आणि टोपलीतली कोळंबी स्वतःच निवडायला लागली. जिचं डोकं काळं पडलंय ती घेऊ नको म्हणाली. साल काढायचीच नाही. डोकं मोडायचं आणि शेपटीकडून गळ घालून अंगाच्या वळणाने फिरवून पोटाकडे टोक काढायचं, म्हणजे कोळंबी सरळ राहते, पाण्यात गरगरत नाही. टोक थोडं उघडं ठेवायचं. शेंगटीसारख्या मोठ्या तोंडाच्या माशाला अख्खी चालते, मुडदुशीला नखाएवढा तुकडा. बोंबील घेऊ का, विचारलं तर हसली. बोंबील पहिल्याच लाटेत विरघळतो. खेकडे फार त्रास देत असतील तर माकूल, म्हणजे स्क्विड, घ्यायचा, त्याच्या चिवट पट्ट्या कापायच्या, त्या खेकड्याला लवकर तुटत नाहीत.

"आणि हाताला साबण लावून येऊ नको," ती म्हणाली. "माशाला वास कळतो."

मी रोज सकाळी कपडे धुते, भांडी घासते. साबणाशिवाय हात कुठून आणायचे, हे मी तिला विचारलं नाही. किनाऱ्यावर गेल्यावर हात ओल्या वाळूने घासायची सवय लावून घेतली.

त्या दिवशी दोन शेंगट्या आणि एक मुडदुशी मिळाली. मुडदुशी म्हणजे वीतभर मासा, पण ह्यांनी तो डाव्या हातात धरून बराच वेळ पाहिला. झटक्यानंतर मी पहिल्यांदाच त्यांना पोटभर जेवताना बघितलं. त्यामुळे मग थांबणं कठीण झालं.

काही गोष्टी मी माझ्या शोधून काढल्या. फ्रॉकला चुण्या घालायला आम्ही बारीक इलॅस्टिकचा दोरा वापरतो. तो कोळंबीवरून पाच-सहा वेळा ताणून गुंडाळला की गाठसुद्धा मारावी लागत नाही, कोळंबी जागची हलत नाही. उरलेली कोळंबी खडेमिठात घोळवून फ्रीजरमध्ये ठेवली तर ती घट्ट होते आणि पुढच्या रविवारी ताजी मिळाली नाही तरी काम भागतं. हे ह्यांनाही माहीत नव्हतं. कौतुक केलं नाही, पण दुसऱ्या रविवारपासून "दोरा घेतलंस?" असं निघताना विचारायला लागले.

मग किड्यांचं सुरू झालं. मुडदुशीला वाळूतल्या किड्यासारखा चारा नाही, असं हे महिनाभर सांगत होते. ओहोटीला ओल्या वाळूवर शेवयांच्या छोट्या गुंडाळ्यांसारखं काही दिसतं, त्याच्याखाली किडा असतो. मी घरातलं जुनं उलथनं नेऊन खणायची. किडा अर्धा तुटला की मेहनत वाया. सापडला तर ओल्या वाळूच्या डब्यात ठेवायचा, उन्हात नाही. गळाला लावताना त्याचा पिवळट रस नखांत शिरायचा. बेसन आणि लिंबाने हात धुतले तरी सोमवारी वास असायचाच. एकदा एका बाईंनी रेशमी ब्लाऊजची ट्रायल घेताना नाक बाजूला केलं. मी माप घेत होते. पुढच्या वेळी ब्लाऊज शिवायला त्या आल्या नाहीत.

असं वर्षभर चाललं. पावसाळ्याचे महिने सोडले तर एकही रविवार सुटला नाही. सोमवार ते शनिवार मशीन, ह्यांच्या गोळ्या, व्यायाम, आंघोळ, आणि रविवारी चारा. लग्नसराईत तर मला मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागायची. एका शनिवारी तेरा ब्लाऊजना हूक लावायचेच राहिले होते. संध्याकाळी ह्यांनी उद्याचं विचारलं. मी म्हटलं, "उद्या नाही जमणार. बाजारात कोळंबीच नव्हती."

"मिठातली?"

"संपली."

फ्रीजरमध्ये पिशवी होती. मटारच्या मागे. मला फक्त एक रविवार झोपायचं होतं.

सकाळी स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून उठले. हे ओट्यापाशी उभे होते. समोर मिठातल्या कोळंबीची पिशवी उघडी. गळ पोळपाटावर ठेवून, लुळ्या हाताचं कोपर त्यावर टाकून डाव्या हाताने कोळंबी चढवायला गेले होते आणि गळ टोकाच्या उलट्या काट्यासकट अंगठ्यात रुतला होता. ते रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात, त्यामुळे रक्त थांबत नव्हतं. पोळपाट, ओटा, सगळीकडे. मी टॉवेल गुंडाळला, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई देऊन गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, काटा पकडीने कापला आणि मग उरलेला मागे ओढला. बराच वेळ अंगठा दाबून धरावा लागला. तो मीच धरला.

बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, आता ओरडतील. हे समोर बघत होते.

"दमलंस तर सांगाचा," ते म्हणाले. "खोटा कित्याक बोलाचा?"

मला खूप काही म्हणायचं होतं. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं काहीसं. पण तोंडातून एवढंच निघालं, की हो, मी दमले आहे. फार दमले आहे. ते बोलताना मला रडू आलं नाही, याचं नंतर नवल वाटलं. ह्यांनी मान हलवली.

पुढचे तीन रविवार अंगठ्यामुळे घरीच गेले. मी झोपले, खरंच झोपले. त्या दिवसांत ह्यांनी कारखान्यातून आणलेली हत्यारांची पेटी काढली. तीत एक मुठीएवढा वाईस होता, नट फिरवला की जबडे आवळतात तसला. तो मला एका फळीवर स्क्रूने बसवून द्यायला लावला. गळाचा दांडा जबड्यात आवळला की गळ हलत नाही आणि एका हाताने कोळंबी चढवता येते. घरी ओट्यावर सराव केला. पहिल्या दिवशी एक कोळंबी लावायला मी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजल्या. मला उठून लावून द्यावंसं वाटत होतं, पण मी जागेवर बसून राहिले. आठवड्याने दोराही गुंडाळता यायला लागला. किडे नकोत, असं त्यांनीच सांगितलं. कोळंबी बरी.

आता आम्ही महिन्यातून दोन रविवार जातो. एकट्याने बोटीतून उतरायला त्यांना जमत नाही, म्हणून मी जाते. वाळू सुरू होते तिथे त्यांची फळी, डबा, पाईप मांडून देते आणि मागे सुरूच्या झाडांखाली चटई टाकून पडते. मासे फार मिळत नाहीत. पूर्वीइतके मासे आता नाहीतच, असं ती कोळीणही म्हणते.

मागच्या खेपेला मी पडले आणि मला गाढ झोप लागली. उठले तेव्हा ऊन चटईवर आलं होतं आणि भरती बरीच वर चढली होती. मी घाईने खाली गेले. हे वाळूत पाय पसरून बसले होते, रॉड पाईपात उभा, तंगूसाची दोरी पाण्यात ताणलेली. मी काही लागलं का विचारलं. नाही म्हणाले. नवा चारा लावू या म्हणून मी रीळ गुंडाळायला घेतलं. गळ वर आला तो रिकामा. डब्यात पाहिलं, डबाही रिकामा, आतलं मीठसुद्धा वाळलेलं. कोळंबी संपून तासभर तरी झाला असावा.

"मग उठवायचं नाही का?" मी विचारलं. "गावातून आणली असती."

"झोपललंस," ते म्हणाले.

मी फळीवरचा वाईस पुसला, पाईप उपटला. त्यांनी डावा हात पुढे केला आणि मी त्यांना उठवून उभं केलं.