आधी घाम, मग खाऊ

कुमुद गेल्याचं मला जिन्यातच कळलं. मी दूध घेऊन वर येत होते, तिचा मुलगा खाली उतरत होता. म्हणाला, "काकू, आई पहाटे गेली." त्याला आता महिना होऊन गेला. निखिल, अदिती, गेल्या सुट्टीत तुम्ही बोरीवलीला आलात तेव्हा रोज संध्याकाळी मटकी खायला लावते म्हणून जिच्यावर रुसला होतात, ती ही समोरच्या घरातली कुमुदआजी. तिच्याविषयी तुम्हाला लिहायला बसले, पण सोसायटीच्या शोकसभेत सगळे जे बोलले ते काही माझ्याने लिहवेना. "कडक शिस्तीच्या बाई," असं जो तो म्हणत होता, आणि मी मान खाली घालून बसले होते...

शाळेतून व्यायामशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिने इमारतीमागच्या मैदानात मुलांचा वर्ग सुरू केला. शाळा सुटली की मुलं यायची. आधी मी थोडा वेळ इंग्रजी घ्यायचे, मग ती लंगडी, खो-खो खेळवायची आणि शेवटी मोड आलेली मटकी, नाहीतर गूळ-शेंगदाणे. गाडीवरच्या भज्यांचा तिला भारी राग. "पोरांना वडे चारता आणि मग म्हणता दम लागतो," असं आयांना तोंडावर सुनावायची. मलाही सोडायची नाही. "तुझ्या इंग्रजीने बसून बसून कुबड येईल गं त्यांना." नियम एकच होता, आधी घाम, मग खाऊ. मैदानाला फेऱ्या मारल्याशिवाय वाटी नाही. मुलांना फुकट काही देऊ नये, असंच आम्ही दोघी शिकलो होतो.

मागच्या चाळीतली शैला चार-पाच वर्षांपूर्वी वर्गात आली तेव्हा तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि ते घरी बसून होते. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर तिला बोलावलं होतं. ती धावायची नाही. थोडं पुढे जाऊन भिंतीला टेकायची. "शैला, नखरे पुरे. धावशील तर खाशील," कुमुद म्हणायची. बाकीची मुलं "आळशी, आळशी" करून हसायची, आणि ती वाटी न घेता घरी जायची.

एका संध्याकाळी मी कुमुदकडे बसले असताना शैलाची आई आली. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली.

"बाई, माझ्या चेडवाचो खाऊ बंद करू नकात," ती म्हणाली. "दुपारी घरात काय नसता, म्हणान तेचे पाय उचलनत नाय. उद्यापासून बरा धावतला. मी सांगलंय तेका."

ती आमची माफी मागत होती. ती गेल्यावर कुमुद कितीतरी वेळ दार लावायचं विसरली. मग म्हणाली, "उपाशी पोरीला पळवत होते गं मी."

दुसऱ्या दिवशी तिने आधी वाट्या मांडल्या. शैलाने हात लावला नाही. "आधी धावते, बाई," म्हणाली आणि निघाली. "बस झालं शैला, ये," कुमुदने हाक मारली. पोरीला वाटलं, अजून कमीच पडतंय. ती आणखी जोरात धावू लागली... कुमुद हाका मारत तिच्या मागे, आणि ती तिच्यापुढे. शेवटी कुमुद तिथेच मातीत बसली. वाटी मागवली, पहिला घास स्वतः घेतला. "मला भूक लागलीय बाई. मी खाते. ज्याला यायचं त्याने यावं." शैला लांबून बघत राहिली. मग हळूहळू येऊन शेजारी बसली.

तेव्हापासून कुमुद रोज मुलांच्या आधी एक घास खायची, मग मुलं खायची आणि जरा बसून मग खेळायची. "भरल्या पोटी पळवता?" म्हणून काही आयांनी नाकं मुरडली. नियम का बदलला ते तिने कुणाला सांगितलं नाही.

परवा मी वर्ग पुन्हा सुरू केला. वाट्या मांडल्या, "खा" म्हटलं. कुणी खाईना. मग शैला उठली. ती आता त्यांच्यात सगळ्यांत मोठी आहे. तिने एक वाटी माझ्यापुढे धरली.

"आजी, तुम्ही आधी."

गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. बसले. मटकीत मीठ कमी पडलं होतं. मी घास गिळेपर्यंत सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.