झुमरेताची तिसरी कॉफी

आमच्या नगरपालिकेत महापौर येतात नि जातात, कॉफीची खोली मात्र झुमरेताची. मी योझो, दारावरचा रखवालदार. मी पश्चिम काठाचा ख्रिस्ती क्रोएट, ती पूर्व काठाची मुसलमान, गावाच्या मधून नेरेत्वा नदी. तरी रोज सकाळी तिची पहिली कॉफी मला. कुणाच्या पोटात दुखत असेल तर खुशाल दुखू दे!

महापौर तरी किती पाहिले बाईनं! युद्धाआधी एक होता, मिशाळ, अख्ख्या गावाचा. युद्धात दोन झाले, या काठाला एक, त्या काठाला एक, आणि दोघंही म्हणायचे, मीच खरा. तेव्हा हिनं तळघरात भाजलेल्या जवाचं पाणी कॉफी म्हणून पाजलं. मग शांतता राखायला आलेल्या विदेशी साहेबांनी कान धरून दोन्हीकडची मिळून एक नगरपालिका केली. पुढे कधी यांचा, कधी त्यांचा, आणि मधे तर बरीच वर्षं निवडणूकच नाही. ज्याचा येई तो आपला ड्रायव्हर आणे, आपली सेक्रेटरी आणे. एकानं तर कुंड्यासुद्धा बदलल्या, मेल्यानं!

यंदा आमच्या काठाचा स्रेच्को निवडून आला. त्याच दिवशी त्याच्या पक्षाचा ल्युबो मला फाटकात म्हणाला, "कॉफीची खोली आता माझ्या वहिनीची. सांग तुझ्या मैत्रिणीला, गाठोडं बांध म्हणावं."

मी झुमरेताला निरोप सांगितला. नवरा युद्धात गेलेला, मुलगी स्वीडनला. "योझो, ही चूल गेली तर मी दिवसभर भिंतींशी बोलू का रे?"

"काही होत नाही गं झुमे," मी म्हणालो. साफ खोटं. काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

स्रेच्कोच्या पहिल्या दिवशी त्याच्या खोलीत अभिनंदनवाल्यांची ही गर्दी! अभिनंदन कसलं, जो तो मागायलाच आलेला. आमच्याकडे पाहुणा आला की स्वागताची कॉफी, गप्पा रंगल्या की दुसरी, आणि तिसरी आली की समजायचं, उठा आता. दोन्ही काठांनी एकाच भाषेला वेगळी नावं दिली, शाळा वेगळ्या केल्या, पण तिसऱ्या कॉफीची रीत मोडायला कुणी धजावलं नाही.

दोन फेऱ्या झाल्या होत्या. तेवढ्यात ल्युबो आत शिरला. "स्रेच्को, आपल्या वहिनीचं काय ते आजच करून टाक," हे झुमरेतानं दाराबाहेरून ऐकलं आणि तिचं भानच सुटलं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं तांब्याचं भांडं पुन्हा चुलीवर चढवलं. कॉफी फसफसून वर आली, हिनं कप भरले आणि तरातरा आत! मी मूर्खानं दार उघडून धरलं. पहिला कप तिनं ल्युबोच्याच हातात दिला.

टेबलावर दोन फेऱ्यांचे रिकामे कप, म्हणजे ही तिसरी! ल्युबोनं कपाकडे पाहिलं, मग स्रेच्कोकडे. "असं होय?" म्हणाला. "तोंडानं सांगितलं असतंस तरी गेलो असतो." कप टेबलावर आपटला नि निघाला. बाकीच्यांनीही टोप्या उचलल्या, घसे खाकरले नि एकेक करून बाहेर पडले.

झुमरेतानं ट्रे टेबलावर ठेवला. "साहेब, अल्लाशपथ, चुकून झालं हो! मी जाते, आजच जाते."

स्रेच्कोनं टाय सैल केला. "काकू, सकाळपासून मला एकालाही नाही म्हणता आलेलं नाही. खरं सांगू? ल्युबोलाही मी हो म्हणणार होतो."

"आणि आता?"

"आता तो रुसून बसेल. बसू दे की! तुम्ही कुठे निघालात? चूल कोण सांभाळणार?"

समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत झुमरेतानं अंग टाकलं आणि पदर नाही की रुमाल नाही, ॲप्रनमध्येच तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. "सुटले रे बाबा, सुटले," एवढंच म्हणत होती.

इतके महापौर झाले, पण त्या खोलीत तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.