नर कोणी कापला

अंगणात कोंबडीचं पांढरं पीस पडलेलं दिसलं, की मला आमची मागूर माशांची शेड आठवते. भूकंपानंतर चाकूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी हा उद्योग मांडला होता. गावरान मादी आणि थाई नर यांच्यापासून संकरित बी तयार करायचं. मादीला इंजेक्शन दिलं की पोट दाबून अंडी काढता येतात. नराला मात्र कापूनच आतलं वीर्य घ्यावं लागतं, आणि मग पिसाने दोन्ही हलक्या हाताने कालवायचं. आमचं घर माळकरी, म्हणून सुई मी टोचायची आणि सुरी माझ्या मुसलमान भागीदाराने धरायची, असं ठरलं होतं. त्या दिवशी तो मुलीला लातूरच्या क्लासला सोडायला गेला आणि परतीची एसटी वेळेवर मिळाली नाही. इकडे मादीची अंडी गळू लागली. थांबलो असतो तर सगळी वाया गेली असती. मीच नर कापला. दुपारी तो धावतपळत आला, तेवढ्यात माझे वडीलही शेडच्या दारात आले. परातीतलं रक्त बघून ते त्याला म्हणाले, "कापलास का रे आज बी? ह्याचं पाप तुझ्याच माथी हाय बघ." त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, "हाव अण्णा, माझ्याच माथी. लेक तुमचा साफ हाय." मी हात पाठीमागे घेतले. आता दोघंही नाहीत, तरी लिहून ठेवतो की तो नर मी कापला होता. वडिलांनी मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटचा घोट त्यांनी माझ्या हातून घेतला.