वरच्या मजल्यावरचे कोच

वाईट बातमी घेऊन आला तरी ज्याला लोक 'जेवूनच जा' म्हणून आग्रह करतात, असा माणूस उभ्या जगात एकच झाला आणि तो इथं परदेशात, बेडोकला आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे अगदी शब्दशः. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, त्यांचा दहाव्या. मूळचे अर्जेंटिनाचे. इथल्या एका क्लबकडून खेळायला आले, गुडघा गेल्यावर त्याच क्लबचे मॅनेजर झाले आणि सगळा ब्लॉक त्यांना कोच म्हणू लागला. तरुणपणी त्यांनी मारलेला एक गोल मी पुष्कळदा ऐकला आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो गोलपोस्टच्या बराच जवळून मारलेला होता. पुढच्या दिवाळीपर्यंत तो मैदानाच्या मध्यावर जाऊन पोहोचला. पण मला दर वेळी तो खराच वाटला, कारण सांगताना त्यांचा दुखरा गुडघासुद्धा आपोआप उचलला जायचा.

हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. चिली सॉसच्या बाटल्या बचावाला जायच्या, चमचे मधल्या फळीत आणि माझा कॉफीचा कप हटकून आघाडीवर. कॉफी गार व्हायची, पण आक्रमण कोसळेल या भीतीनं मी कपाला हात लावत नसे. माणसांनाही ते जागा वाटून देत. माझी बायको गोलकीपर. "मॅडम ओरडत नाहीत, पण शेवटी सगळं त्यांच्याच हातात येतं." माझ्याकडे मात्र त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही राखीव. फार उत्तम राखीव." बँकेतल्या माझ्या साहेबाला हे कळायला सात वर्षं लागली होती.

पण मी त्यांना मनातून हात जोडले ते एका वेगळ्याच रिवाजासाठी. संघात घेतलेल्या खेळाडूला ते फोनवर कळवत. वगळलेल्याला मात्र त्याच्या घरी जाऊन, समोर बसून सांगत. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट, हातात अननसाच्या टार्टचा डबा आणि एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, प्रवास. मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट. "आई मुलाला जेवायला वाढते, तिथंच बसून त्याला नाही म्हणायचं," ते सांगत. "मग आपण खोटं बोलू शकत नाही."

त्या वर्षी क्लब गुणतक्त्यात तळाला गेला होता. शेवटचा सामना हरला तर कोचची नोकरी जाणार, नोकरीबरोबर इथं राहायचा पास जाणार आणि पास गेला की बाडबिस्तारा आवरायचा, हे इथल्या प्रत्येक परक्याला तोंडपाठ असतं. कप्तानाचा घोटा सुजला होता. इंजेक्शन घेऊन तो खेळला असता. क्लबातल्या मोठ्या लोकांचाही तोच हट्ट होता. कोचनी त्याला वगळायचं ठरवलं. कप्तानाची आई तमिळ, म्हणून पासिर रिसला त्याच्या घरी जाताना त्यांनी मलाही धरून नेलं. "तुम्ही इंडियन. आईशी तुम्ही बोला." माझं तमिळ इडलीपासून सुरू होऊन सांबारावर संपतं, हे मी गाडीतच कबूल केलं. "एवढा शिकलेला माणूस!" असं म्हणून ते पुढची तीन स्टेशनं माझ्यासाठी हळहळत राहिले.

तिथं माझी गरजच पडली नाही. दार उघडून डबा पाहताच आई इथल्या खास इंग्रजीत म्हणाली, "नॉट प्लेइंग, इज इट? हिज लेग आय ऑल्सो सी, व्हॉट. सिट, सिट, ईट फर्स्ट लाह." कप्तान मात्र ताटाकडे बघत बसला. "कोच, मी नाही खेळलो तर तुम्हाला काढतील."

"काढतील," कोच म्हणाले. "मला दुसरा क्लब मिळेल. तुला दुसरा पाय कुठून आणू?"

आणि डोसा मागून घेतला. मी त्या माणसाकडे पाहतच राहिलो. माझी नोकरी पणाला असती तर मी त्या पोराला खांद्यावर घालून मैदानात नेलं असतं.

शेवटचा सामना एका गोलनं हरले. कोचना काढल्याचं क्लबनं एसएमएसनं कळवलं. त्यावर त्यांनी पुन्हा शर्टाला इस्त्री केली आणि एकेका खेळाडूच्या घरी जाऊन 'आता मी नाही' असं स्वतः सांगून आले.

सगळ्यांत शेवटी ते आमच्याकडे आले. सकाळच्या पेपरात आम्ही वाचलंच होतं. मुलगी काहीतरी विचारणार, तोच बायकोनं तिला डोळ्यांनीच दटावलं. कोचनी थालीपीठ खाल्लं, मुलीच्या शाळेची चौकशी केली, पावसाबद्दल बोलले. मग सरसावून बसत म्हणाले, "मॅडम…" आणि थांबून, "थोडी साखर मिळेल?" चहात साखर भरपूर होती. पुन्हा एकदा "मॅडम…" झालं आणि या वेळी त्यांनी पाणी मागितलं. मग उठले, दारात बुटांच्या नाड्या बांधत बराच वेळ वाकून राहिले आणि जिना चढून वर गेले.

बायको कप उचलता उचलता म्हणाली, "बरं झालं, सांगितलं नाही त्यांनी. मला ऐकवलं नसतं."