ओव्हनचा खालचा रॉड

सोमवार, दहा नोव्हेंबर. काम: ओव्हनचा खालचा रॉड बदलणे.

आठवडाभर ज्वारीची बिस्किटं वरून भाजत होती आणि खालून कच्ची राहत होती. सकाळी ओव्हन रिकामाच लावून पाहिला. वरचा रॉड लाल झाला, खालचा काळाच राहिला. नवा शनिवारीच आणला होता, जुन्याच्याच लांबीचा आणि तेवढ्याच वॅटचा. मी बघत असतानाच नऊ वाजले आणि लाईट गेली.

ती जाणारच होती. आमच्या भागात सोमवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, नऊ ते दोन. त्यामुळे विजेची घरगुती कामं सोमवारवर टाकायची, ही आमच्या सगळ्या गल्लीची रीत आहे. पंखा उतरवायचाय, सोमवारी. होल्डर बदलायचाय, सोमवारी. लाईटच नसल्यावर बटण चालू आहे की बंद, कोण बघतो? मीही बघितलं नाही. प्लग ओट्याच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यांमागे. डबे हलवायचा कंटाळा आला. याहून मोठं कारण नव्हतं.

ओव्हन गार व्हायला साडेदहा झाले. सासूबाई मोबाईलच्या बॅटरीचा उजेड धरायला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्या दुधनीकडच्या. एरवी मराठी बोलतात, दचकल्या की कानडी. दीड वर्षापूर्वी त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याच्या खाली, पेसमेकर बसवला. हृदयाचे ठोके मंदावले की तो ते चालू ठेवतो. काय टाळायचं त्याचा कागद दवाखान्यातून दिलेला, तो मीच त्यांना वाचून दाखवला होता. विजेचा झटका त्यात वरच होता.

"आत्या, तुम्ही बाहेर बसा."

"बसून बसून गुडघं धरलं माझं. लाईट तर न्हाय. धरू का जाऊ?"

"धरा."

बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले. रॉडच्या टोकांवरच्या दोन्ही वायरी पकडीने ओढून सोडवल्या. एक वायर सारखी मध्ये येत होती. "ती जरा बाजूला धरता का?" मी म्हणाले. त्यांनी धरली, टोकाशीच.

वीजवाल्यांचं काम लवकर संपलं असावं. अकरा वाजून गेले होते, एवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. पंखा मला आधी दिसला. मग आत्यांचं "अय्यो!" ऐकू आलं. फरशी नुकतीच पुसलेली, त्यांचे पाय अनवाणी. त्यांचा हात उडाला, मोबाईल खाली पडला आणि त्या फ्रिजला जाऊन टेकल्या. सगळं मिळून दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत मी काहीच केलं नाही. बटण त्यांच्या पलीकडे होतं. त्यांना हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. मी पक्कड धरून उभी राहिले.

मग बटण बंद केलं, डबे लोटले, प्लग उपटला. झाल्यावर.

"छातीत कसं होतंय?"

"येनू आगिल्ल. काय न्हाय झालं. मुंगी चावली म्हण की." त्यांनी बोटं चोळली. "तुझं तोंड का पांढरं पडलंय? झटका मला बसला न्हवं?"

रिक्षा करून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला. ठीक आहे म्हणाले. पण पेसमेकर आतून नीट चालतोय की नाही हे इथे कळणार नाही, त्याचं वेगळं मशीन लागतं. जिथे बसवला तिथे त्यांनीच फोन लावला. पेसमेकर तपासणारा माणूस तिथे उद्या सकाळी दहाला येणार होता. तोवर एकटं सोडू नका, चक्कर आली, धडधड झाली तर लगेच घेऊन जा.

परत येताना रिक्षात आत्या म्हणाल्या, "पोराला सांगू नगंस. करमाळ्याहून गाडी पळवत येईल."

नवरा कामाला करमाळ्याला गेला होता. फोनवर मी त्याला सांगितलं, आईंना जरा गरगरलं, उद्या दाखवून येऊ. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून काळजी नाही."

दुपारी आत्या पलंगावर शेंगा फोडत बसल्या. मी दर अर्ध्या तासाने मनगट धरून ठोके मोजत होते. बासष्ट. साठ. एकसष्ट. आकडा बरोबर की चूक, हेही मला नक्की कळत नव्हतं.

"नाडी हाय का घड्याळ? जा, तुझी भट्टी बघ जा."

दार उघडं ठेवून, त्या दिसतील अशी उभी राहून मी रॉड बसवला. प्लग काढून समोर ओट्यावर ठेवला होता. सोडवण्याआधी काढून ठेवलेला फोटो बघून वायरी जिथल्या तिथे लावल्या, अर्थिंगचा स्क्रू आवळला, वायर कुठे पत्र्याला टेकत नाही ना ते पाहिलं, पत्रा लावला. खिडकी उघडून दहा मिनिटं रिकामा चालवला. थोडा धूर आला, मग रॉड लालभडक झाला. वीस मिनिटांचं काम. मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. मी ओव्हन बंद केला आणि परत मनगट धरायला गेले.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. नवरा पहाटेच परतला होता. तपासणाऱ्या माणसाने आत्यांच्या छातीवर एक जाड चकती ठेवली. तिची वायर संगणकाला. आत्या छताकडे बघत पडल्या होत्या आणि माझं बोट त्यांनी घट्ट धरलं होतं. त्याने पेसमेकरमधल्या नोंदी एकेक करून पडद्यावर उघडल्या. मग म्हणाला, मशीन व्यवस्थित आहे, बॅटरीही आहे. मी श्वास सोडला.

"पण काल अकरा वाजून बारा मिनिटांनी यात काहीतरी वेगळंच आलंय. हे ठोके नाहीत. काय झालं होतं?"

नवरा आईकडे बघायला लागला. आत्या लगेच म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं, मीच गेले मधी कडमडायला."

"नाही," मी म्हणाले. "ओव्हनचं काम चालू होतं. प्लग मी काढला नव्हता, आणि वायर धरायला त्यांना मी सांगितलं."

मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, नवऱ्याकडे बघून.